दादांची मान

सकाळची शाळा सुटून धनश्री वस्तीवर पोचली तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. सोनईपासून तीन किलोमीटर आत, उसाच्या फडांमधून येणारी मातीची वाट, त्यात एप्रिलचं ऊन. लिंबाखाली स्कूटी लावून ती तोंडावरचा रुमाल सोडत होती, एवढ्यात घरामागून दोर तुटल्याचा आवाज आला. आसूड ओढावा तसा. आणि लगोलग दुसरा आवाज. तो तिला पुढं कितीतरी दिवस ऐकू यायचा, जेवताना, फळ्यावर लिहिताना, नळाखाली कळशी धरताना. पोतं पडल्यासारखा, पण पोत्याचा नव्हे.

तिचे थोरले दीर बिभीषण कडबा भरत होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर दोन पुरुष उंचीची रास रचून झाली होती आणि माथ्यावर उभं राहून ते दोर आवळत होते. मागं झुकून त्यांनी सारा भार दोरावर टाकला, तोच दोर मधोमध तुटला. ते पाठीमागं, सरळ डोक्यावर आले.

धनश्री धावत घरामागं गेली. बिभीषण उताणे पडले होते, डोळे उघडे. रक्त म्हणावं असं काही नव्हतं. तिचे सासरे, नाव श्रीमंत, पण सारी वस्ती ज्यांना आण्णा म्हणायची, ते दोराचं तुटकं टोक हातात धरून तसेच उभे होते.

"काय न्हाई झालं," बिभीषण म्हणाले. "मान आवघडलीय नुसती. बसवा मला."

त्यांची बायको जया स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानंच आली होती. ती नवऱ्याच्या डोक्याशी बसली आणि त्याचं डोकं मांडीवर घ्यायला तिनं मानेखाली हात घातलासुद्धा.

"ताई, हात काढा!"

धनश्री असं ओरडली की जया दचकून मागं सरली. वर्गात सत्तर पोरं गोंधळ घालतात तेव्हा लागणारा तो आवाज होता. घरात तो कुणी कधी ऐकला नव्हता.

ओरडली खरी, पण आपल्याला नेमकं काय ठाऊक आहे, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. सहावीला ती विज्ञान शिकवायची. त्यात सांध्यांचा धडा होता. खांदा आणि खुबा उखळीचे, चहूकडं फिरणारे. कोपर आणि गुडघा बिजागरीचे, दारासारखे एकाच अंगानं उघडणारे. मनगट नि घोटा सरकते. मागच्या वर्षी एका मुलीनं विचारलं होतं, "मॅडम, मान यातली कुठली?" पुस्तकात उत्तर नव्हतं. मग धनश्रीनं घरी येऊन मोबाईलवर शोधून वाचलं होतं. मानेतला पहिला मणका म्हणजे नुसती कडी. दुसऱ्या मणक्याला वर एक खुंटी असते आणि कडी त्या खुंटीभोवती फिरते. ते वाचल्यापासून एक गोष्ट तिच्या डोक्यात राहिली होती. त्याच कडीतून, खुंटीच्या अगदी पाठीला लागून, मेंदूकडून येणारी दोरी खाली जाते. श्वास चालवणाऱ्या नसासुद्धा त्याच दोरीतून येतात.

आणि दुसरं, पंचायत समितीत शिक्षकांसाठी झालेलं प्रथमोपचाराचं एक दुपारचं प्रशिक्षण. त्यात ती अर्धा वेळ पेंगत होती. एक वाक्य तेवढं कानात उरलं होतं, वरून पडलेल्याची मान हलवू नका.

एवढ्या भांडवलावर ती बिभीषणच्या डोक्यामागं गुडघ्यावर बसली.

सात वर्षं झाली होती तिला या घरात येऊन. तिचा नवरा अजिनाथ चाकणला कंपनीत होता, पंधरा दिवसांनी यायचा. या सात वर्षांत थोरल्या दिरासमोर ती कधी बसून बोलली नव्हती. ताट वाढायचं ते जयानं, निरोप द्यायचा तो जयाच्या मार्फत. ते ओट्यावर आले की ही डोक्यावर पदर घेऊन आत जायची. त्यांना स्पर्श करण्याचा तर प्रश्नच नव्हता. आता तिनं त्यांचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. केसांत माती, कडब्याचा भुसा, घाम. बसून हात स्थिर राहीनात, तेव्हा ती सरळ पालथी झाली आणि दोन्ही कोपरं जमिनीत रोवली. पदर कुठं गेला ते तिला कळलं नाही.

"दादा, मान हलवायची नाही. हो म्हणायलाही नाही आणि नाही म्हणायलाही नाही. काय असंल ते तोंडानं बोला."

"बरं," ते म्हणाले आणि सवयीनं त्यांची हनुवटी खाली आली. केसभरच. पण तिच्या बोटांखाली काहीतरी करकरलं. भातात खडा लागावा तसं.

ती गार पडली. तिनं तळवे घट्ट केले. मग वाटलं, जास्त घट्ट झाले तर? मग सैल केले. मग वाटलं, सैल नकोत.

"ताई, ॲम्ब्युलन्सला फोन लावा. वरून डोक्यावर पडलेत म्हणावं. मान मोडलेली असू शकते, हे सांगा."

जयाच्या पिठाच्या बोटांनी मोबाईल लागेना. दोनदा चुकून तिसऱ्यांदा लागला. पलीकडचा माणूस पत्ता विचारत होता आणि जया रडत होती. शेवटी धनश्रीनं पडल्यापडल्याच पत्ता ओरडून सांगितला. जवळची गाडी एका पेशंटला सोडायला गेली होती. तिला यायला पाऊण तास, कदाचित तास लागणार होता.

"तास?" आण्णा म्हणाले. "दारात टेम्पो उभा हाय. चौघं उचलू आन् घालू. तासात नगर गाठंल."

"नाही आण्णा. वाट खड्ड्यांची हाय. एक धक्का बसला तर संपलं."

"संपलं म्हंजी?"

तिला उत्तर द्यायचं नव्हतं. ज्याचं डोकं तिच्या हातात होतं, तो ऐकत होता.

आण्णांनी मग त्यांना सुचलं ते केलं, बन्सीनानांना फोन केला.

बन्सीनाना म्हणजे सात गावांत निखळलेले सांधे बसवणारे. पासष्टीचे, बारीक अंगाचे, पण हात मात्र कुणा दुसऱ्याच दांडग्या माणसाचे असावेत असे रुंद. दहा मिनिटांत त्यांची मोटारसायकल आली. भोंदू माणसाला नाही म्हणणं सोपं असतं. नाना भोंदू नव्हते. दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलीला कुणीतरी हाताला धरून उचललं आणि पोरीचं कोपर निखळलं. नानांनी बोलता बोलता तिचा हात वळवला, टक् झालं आणि पोरगी त्याच हातानं बिस्कीट खायला लागली. आण्णांचा खांदा त्यांनीच बसवला होता. पैसे घेत नसत.

नानांनी चप्पल काढली, उकिडवे बसले आणि बिभीषणच्या मानेकडं टक लावून बघितलं.

"उतरलीय. हनुवटी बघा की, जराशी डावीकडं हाय. दोन मिनटाचं काम हाय. सरक पोरी."

"नाना, हात लावू नका."

"आगं, मी बसवतो ना."

"नाना, खांदा उखळीतला गोळा हाय. निसटला तर परत आत जातो. कोपर बिजागरी हाय. तुमचा हात त्यात बसलेला, माझ्या लेकीला तुमीच बरं केलं. पण मान तशी न्हाई. तिथं कडी हाय नि कडीत खुंटी हाय. खुंटी मोडलेली असली आन् तुमी फिरवली, तर ती मागच्या नसेत घुसंल. तिथनंच श्वास चालतो."

"मोडलीय कशावरून?"

"मला हाताला करकर लागली."

"तुज्या हाताला?" नाना हसले नाहीत, पण त्यांना राग आला होता. "चाळीस वर्सं मी हाडं चाचपतोय. तू आजवर कितींची मान धरली?"

"पहिलीच."

आण्णा पुढं आले. त्यांनी सुनेला आजवर कधी मोठ्यानं हाक मारली नव्हती. "धनश्री. हात काढ. नानाला बघू दे."

तिला वाटलं आता आपण रडणार. करकर झाली होती की आपल्याच बोटाचं हाड वाजलं होतं? उद्या एक्स-रेच्या फोटोत काही निघालं नाही तर सारी वस्ती हसेल. मास्तरणीनं दिराला तासभर धुळीत पाडून ठेवलं. आणि काही निघालं, पण गाडी यायच्या आत तिच्याच हातांत त्यांचं काही झालं तर? कुणी म्हणणार नाही की खुंटी मोडली होती. म्हणतील, नाना दारात आला होता, हिनं हात लावू दिला नाही. जया म्हणेल. जन्मभर एकाच चुलीवर राहून म्हणेल.

"न्हाई काढत, आण्णा," ती म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला. "मला ओढून काढलं तर त्यांचीबी मान हलंल."

ट्रॅक्टरचं इंजिन अजून चालूच होतं, ते आण्णांनी जाऊन बंद केलं. मग फक्त माश्यांचा आवाज उरला.

"बोटांत मुंग्या यायल्यात," बिभीषण म्हणाले.

"कुठल्या हाताच्या?" नानांनी विचारलं.

"दोन्ही."

नाना बिभीषणच्या उजव्या हाताकडं बघत राहिले. मग त्यांनी पुढं केलेले स्वतःचे हात मागं घेतले आणि मांडीखाली दाबून ठेवले. "थांबू मग गाडीसाठी," एवढंच म्हणाले.

त्यानंतरची चाळीस मिनिटं कशी गेली हे धनश्रीला सलग कधीच आठवलं नाही. सावली सरकली आणि ऊन तिच्या पाठीवर आलं. कोपराखाली एक खडा होता, तो रुतत गेला. एक मुंगळा मनगटावरून चढून तिच्या बाहीत शिरला आणि चावला, तरी तिला हात हलवता येईना. जयानं छत्री आणून नवऱ्याच्या तोंडावर धरली. धनश्री सारखं बोलत राहिली, कारण ते बोलायचे थांबले की तिचा जीव खाली जायचा.

"दादा, पाय हलवून दाखवा. अंगठा फक्त."

जया सांगायची, "हलला."

पाच मिनिटांनी पुन्हा. "हलला." पुन्हा. "हलला गं."

एकदा जया बराच वेळ काही बोललीच नाही. धनश्रीला मान वर करून पायाकडं बघता येत नव्हतं. "ताई? ताई, हलला का?" जया डोळे पुसत होती म्हणून तिला दिसलं नव्हतं. "परत हलवा," ती म्हणाली, मग "हलला." तेवढ्या क्षणात धनश्रीचे दात एकमेकांवर वाजायला लागले होते, भर उन्हात.

"मला मळमळतंय," बिभीषण म्हणाले.

हे तिनं धरलंच नव्हतं. उताण्या माणसाला उलटी झाली तर ती घशात जाईल, तो गुदमरेल. कुशीवर वळवायचं तर मान वळेल. तिला प्रशिक्षणातलं काही आठवेना. तिथं खुर्चीवर पेंगणारी आपणच तिला तेवढी दिसत होती.

"नाना," ती म्हणाली, "यांना वळवायचंय. लाकडाचा ओंडका वळवतात तसं. डोकं, खांदा, कंबर, सगळं एकाच वेळी. मी डोकं त्याच्याबरोबर आणते. तुमी खांद्याला आणि कमरेला धरा. पुढं-मागं झालं तर..."

"कळलं," नाना म्हणाले. ते बिभीषणच्या उजव्या अंगाला गुडघ्यावर आले. एक हात पलीकडच्या खांद्यामागं, एक कमरेमागं. "श्रीमंता, तू पाय. जया, तू मांडी. कुनी आधी वडायचं न्हाई. पोरगी म्हनंल तवा."

"एक. दोन. तीन."

नानांचे ते रुंद हात हलले आणि बिभीषणचं सारं अंग एका फळीसारखं वर आलं, ना खांदा पुढं, ना कंबर मागं. धनश्रीचे हात त्याच्याबरोबर गेले. तिनं डोळे मिटून घेतले होते. बोटांखाली करकर येते का एवढंच ती ऐकत होती. आली नाही. बिभीषण ओकले, धुळीत, तिच्या मनगटावर. नानांनी त्यांना तसंच कुशीवर तोलून धरलं, ओकारी थांबेपर्यंत, दंडाच्या शिरा फुगल्या तरी. मग पुन्हा एक, दोन, तीन आणि उताणं.

"बराबर झालं?" नानांनी विचारलं.

"दादा, अंगठा," धनश्री म्हणाली.

"हलला," जया म्हणाली.

गाडी आली तेव्हा पावणेएक वाजला होता. त्यातला डॉक्टर पोरगेलासा होता. त्यानं आल्या आल्या तिला सांगितलं, "मॅडम, मी सांगेपर्यंत सोडू नका." गळ्याभोवती कडक पट्टा बसला, खाली फळी सरकली, कपाळावरून पट्टी आवळली. मग तो म्हणाला, "आता सोडा."

तिला सोडता येईना. बोटं वाकलेल्या जागीच आखडली होती. डॉक्टरनं ती एकेक करून उलगडली, आधी करंगळी, शेवटी अंगठा. उठताना तिचे गुडघे वळेनात, तेव्हा नानांनी तिला काखेत धरून उभं केलं.

नगरच्या इस्पितळात संध्याकाळी मणक्यांच्या सर्जननं जया, आण्णा आणि धनश्रीला आत बोलावलं. पडद्यावर मानेचं राखाडी चित्र होतं. ज्या गोष्टीबद्दल तिनं फक्त वाचलं होतं ती तिथं होती, खुंटी, आणि तिच्या बुडाशी एक काळी रेघ.

"मुळातून तुटलीय," डॉक्टर म्हणाले. "जागेवरून दोन मिलिमीटर सरकलीय. आणखी सरकली असती तर... तुम्ही यांना बसवलं नाही ना? मालिश वगैरे?"

आण्णा खाली बघत होते. "न्हाई," ते म्हणाले. "सुनंनं धरून ठेवलं."

धनश्री बाहेर आली, बेसिनपर्यंत गेली आणि भडभडून ओकली. खरी भीती तिला तेव्हा भेटली. वस्तीवर होती ती शंका होती. आता तिला जयाचा पिठाचा हात दिसत होता, मानेखाली शिरलेला. आपण स्कूटी दोन मिनिटं उशिरा लावली असती तर? वाटेत शेळ्या आडव्या आल्या असत्या तर? रोजच तर येतात.

दोन दिवसांनी शस्त्रक्रिया झाली. पहिले दोन मणके स्क्रू घालून एकमेकांना बांधून टाकले. सही करण्याआधी डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं, काय काय होऊ शकतं ते, आणि जयानं अर्ध्यातच कानावर हात ठेवले. पाच तास दार बंद होतं. अजिनाथ चाकणहून आला होता. तो धनश्रीचा हात धरायला गेला, तर तिनं तो झटकन काढून घेतला. तळव्यांना काही लागलेलं तिला सोसत नव्हतं. आठवडाभर खडू धरता आला नाही.

बिभीषण वाचले. हातापायांत ताकद राहिली, मुंग्या गेल्या. बांधलेला सांधा आता कधीच फिरणार नव्हता. बाजूला बघायचं तर मान जेमतेम अर्धी वळायची, त्यापुढं सारं अंगच वळवावं लागायचं. तीन महिन्यांनी पट्टा निघाला. त्या रात्रीपासून जया त्यांच्या उशाशी दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या ठेवून झोपायला लागली, डॉक्टरांनी गरज नाही म्हणून सांगितलं तरी. धनश्रीशी ते आता बोलायचे. पहिल्यांदा बोलले तेव्हा नुसतं, "चहा घेतला का?" एवढंच. ती डोक्यावर पदर घेऊन "हो" म्हणाली आणि उभी राहिली. आत मात्र गेली नाही.

बन्सीनाना त्या दिवसानंतर वस्तीवर फिरकले नव्हते. जुलैत एका दुपारी, मधल्या सुट्टीत, ते शाळेत आले. वर्ग रिकामा होता. ते पोरांच्या बाकावर बसले, गुडघे वर येऊन.

"मला ती मान दाव," ते म्हणाले. "कशी असती ती."

तिनं हातातली बांगडी काढली, पेन उभं धरलं आणि बांगडी पेनात घालून फिरवून दाखवली. पेनाच्या पाठीला लागून सुताचा एक दोरा सोडला. ही खुंटी मोडली की दोरा चेपतो. नाना वाकून बघत राहिले. त्यांनी बांगडीला बोटही लावलं नाही.

"तीस वर्सं झाली," ते म्हणाले. "घोडेगावच्या बाजारात एका बैलानं मानूस फेकला. नेवाशाकडचा हुता. मान वाकडी, हातांत मुंग्या. मी बसवली. टक् वाजलं. लोकांनी वा वा केलं. तो उठून बसला, तांब्याभर पानी प्याला, आन् तिथंच कलंडला. सगळे म्हनले, छातीचा झटका. मीबी म्हनलो." त्यांनी वर बघितलं. "मॅडम, तो माज्या हातानं गेला का?"

ते तिला आजवर पोरी म्हणायचे. खोटं बोलणं सोपं होतं. समोरचा म्हातारा त्याच आशेनं आला होता, हेही तिला दिसत होतं.

"सांगता येत नाही, नाना. कुणी फोटो काढला नव्हता."

"म्हंजी असंलबी."

"असंलबी. नसंलबी."

नाना खिडकीकडं वळले. बाहेर पोरं ओरडत होती.

"काल एक बाई आली हुती," ते म्हणाले. "लेकाचा खांदा उतरलेला. साधा खांदा. शंभर बसवले आसतील तसले. माजा हात पुढं जाईना. थरथर थरथर. तिला म्हनलो, दवाखान्यात जा. ती म्हनली, नाना, तुमीच आसं म्हनलं तर आमी जायाचं कुठं?" त्यांनी मुठी आवळल्या, सोडल्या. "नगरच्या त्या डाक्टरचं नाव लिहून दे. फोन नंबरबी."

तिनं वहीचं पान फाडून मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. नानांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद उलटा धरून नीट बघितला, चार घड्या घालून अंगातल्या कोपरीच्या खिशात ठेवला आणि पायऱ्या उतरताना, कधी नव्हे ते, भिंतीला धरून एकेक पाऊल टाकत गेले.